कोरडी पुडी

कामाशिवाय भारत हल्ली मखमलाबादला फिरकत नाही, आणि आला तरी आत्याच्या तोंडाकडं बघून बोलत नाही, हे नवसाबाईला फार लागलं होतं. आईवेगळ्या भाच्याला तिनं शेवंतीच्या वाफ्यांतून खेळवत वाढवलं. आता तो गर्द विकणाऱ्यांना धरणाऱ्या पोलीस पथकात होता, साध्या कपड्यांत हिंडायचा. आजही दारात आला तो मोटारसायकल चालूच ठेवून.

"बंद कर ती. पेट्रोल काय सासऱ्याच्या विहिरीला लागलंय?"

भारत ओशाळून आत आला. "आत्या, उद्या कोर्टात तुझी साक्ष. पंचनाम्यात हाय तेवढंच सांग. सहादूच्या पाटीत पुडी सापडली, तू बघितली."

बघितली तर होतीच. सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी फुलबाजारात पथक आलं, तेव्हा पंच म्हणून तिलाच बोलावलं. बाजारात तिच्या शब्दाला किंमत होती. फुलं विकणाऱ्या सहादूनं पहाटेच पाटीतल्या शेवंतीवर पाण्याचा हबका मारून ओलं गोणपाट गुंडाळलेलं. पिळलं तर पाणी गळावं असं. आणि त्या गोणपाटाच्या पोटातून निघालेली वर्तमानपत्राची पुडी कडकडीत कोरडी! कुठल्याही फुलवालीला कळलं असतं, की ही आत्ताच कुणीतरी सरकवली. नवसाबाईलाही कळलं. पण समोर भारत उभा होता. तिनं वेडीवाकडी सही ठोकली.

सहादू तुरुंगात गेला. त्याची बायको चांगुणा नवसाबाईच्या पडवीत गजरे करायला यायची थांबली, तिच्यामागं बाकीच्याही. तीस वर्षं बायकांच्या कलकलाटानं भरलेली पडवी. आता नवसाबाई एकटीच सुईत दोरा ओवायची. शिव्या द्यायला म्हणावं तर घरात मांजरही नव्हतं.

"कुणी ठेवली रे पुडी?"

भारतनं मान खाली घातली. "आम्हीच. बाजारातला केरू विकतो गर्द. पण आमचा खबरी हाय तो. त्याला माल देणाऱ्या वरच्या लोकांना त्याचा संशय यायला लागला होता, जीव घेतला असता त्याचा. मग दुसऱ्या कुणाला तरी धरणं भाग पडलं, पोलिसांना केरू ठाऊकच नाही असं त्यांना वाटावं म्हणून. वरचा सापडला की किती पोरं वाचतील, आत्या!"

"मग सहादूच का?"

"त्याच्या मागं कुणी नव्हतं."

"आन् मी कोण होते?"

तो हळूच म्हणाला, "तू खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आत जाईन मी."

त्याच्या कानशिलाचे केस पिकलेले तिला आजच दिसले. हात उचलून डोक्यावर ठेवावा असं फार वाटलं. तिनं तो पदरात गुंडाळला.

"जाशील," ती म्हणाली. "मी डबा आणीन, रोज आणीन. पण उद्या पुडी कोरडी होती असंच सांगणार, आन् मला ते सही करतानाच कळलं होतं, तेबी सांगणार. पोरं वाचवायची तर सोताची छाती पुढं करून वाचवायची, भारत. तू गरिबाची केली. लय भेकड निघालास तू, आन् तुला वाढवणारी मीबी."