माशांचा पंचनामा

"हट! हट म्हन्तो न्हवं!" श्रीमंतमामांनी ढेकूळ उचलून कुत्र्यावर भिरकावलं आणि मग माझ्याकडे वळले. "या म्याडम. दोन दिस झाले, राखत बसून राहिलो."

किल्लारीच्या पलीकडचं ते तळं त्या एप्रिलात नुसतं भेगाळलेलं मैदान झालं होतं. मधोमध हिरवट डबकं आणि काठावर मेलेले मासे. रोहू, कटला, मरळ. अस्ताव्यस्त नव्हे, ओळीनं मांडलेले, सगळ्यांची डोकी एका बाजूला. वर ओली पोती. वासानं माझं डोकं भणभणलं.

मी कृषी सहायक. लातुरात अब्बांचं शिलाईचं दुकान, त्यांना पोरगी डॉक्टर झालेली हवी होती. म्हणून दोन वर्षं मी क्लासच्या बाकांवर घासली आणि शेवटी सोयाबीनची नाडी बघायला लागले. त्या साली वरून नवं काम आलं होतं. हवामान बदलाचा आराखडा करायचाय, गावोगावचं नुकसान लिहून आणा. फॉर्मात अकरा रकाने होते. पिकं, फळबागा, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यासुद्धा. मासे नव्हते. मराठवाड्यात पाणीच नाही तर मासे कुठले, असं फॉर्म करणाऱ्या साहेबाला वाटलं असावं.

श्रीमंतमामा मच्छीमार सोसायटीचे सचिव. तीस घरं या तळ्यावर जगत होती. नुकसान कागदावर लागलं, तरच पाऊस झाल्यावर तळ्यात सोडायला माशांची पिल्लं, म्हणजे सरकारी मत्स्यबीज, मिळणार होतं.

"मामा, असं करू," मी नाकाला ओढणी लावून म्हटलं. "शेळ्यांच्या रकान्यात टाकते. चाळीस शेळ्या मेल्या म्हून. कोन बघायला येऊन राहिलंय?"

मला वाटलं, खूश होतील. ते डबक्याकडे बघत राहिले.

"न्हाई. मासा हाय, मासाच ल्हिवा."

"अवो, पन बीज मिळंल ना!"

"एक डाव खोटं ल्हिवून दिलंय म्या. भूकंपाला." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "कागदावर हाय, श्रीमंत अंगनात निजला व्हता म्हून वाचला. म्या घरी न्हवतोच. हितं पान्यात व्हतो, टायरच्या ट्यूबवर बसून, जाळं टाकत. पहाटं गडगडलं, मला वाटलं आभाळ. आन मासा असा उसळला म्याडम, जल्मात बघितला न्हवता. म्हन्लं, देव पावला. उजाडेस्तोवर जाळं वढून राहिलो. तशीच भरली पाटी घिऊन औशाच्या बाजाराला गेलो. थितं कळलं."

भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते. माझ्यासाठी तो अब्बांनी दुकानात सांगायची गोष्ट होता.

"गावात पोचलो तवा सांज झालती. आमच्या गल्लीची एकच चिता, पेटल्याली. माजी बायकू साखराबाई आन दोन्ही लेकरं तिच्यातच हायती, असं लोकं म्हन्ले. म्या बघितलं न्हाई. कुनी वळखून घेतलं न्हाई, कुनी मोजलं न्हाई. अजून कुटं मासा उसळला की माजे हात गार पडत्यात." मग माशांकडे हात करून म्हणाले, "यांना तरी कुनी बघितल्याबिगर मातीत घालायचं न्हाई."

मला माझ्या चाळीस शेळ्यांची लाज वाटली. ओढणी कमरेला खोचली, चपला काढल्या आणि चिखलात उतरले. मामा पोतं उचलत होते, मी मोजत होते. तीनशे बारा भरले. मग गाडीच्या सीटवर फॉर्म पसरून मी पट्टीनं बारावा रकाना आखला आणि वर लिहिलं, मासे. मामांनी सावकाश सही केली.

खड्डा त्यांनी आधीच खणून ठेवला होता. त्यात एकही मासा त्यांनी फेकला नाही. वाकून वाकून, दोन्ही हातांनी एकेक ठेवला. मी उन्हात उभी राहिले. जाववलं नाही.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. बाराव्या रकान्यावर लाल रेघ आणि खाली शेरा, "नमुन्यात बदल करू नये. रकाना नसलेल्या बाबी वगळून पुन्हा सादर करावे." मी भांडले, साहेब हसले. म्हणाले, मॅडम, मासे पुढच्या वेळी बघू.

हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. गाडी काढून गेले. मामा घराच्या सावलीत जाळं विणत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी औंदा बीज न्हाई."

"न्हाई मामा."

बराच वेळ ते जाळ्याच्या गाठी चाचपत राहिले.

"पर तुमी बघितलं न्हवं?"

"बघितलं," मी म्हटलं. "एकेक बघितला."

त्यांनी मान हलवली आणि पुढची गाठ मारली.