शशीची किल्ली अन् बंदुकीचं कपाट

ए बाबा, टकटक करू नको! मी काय ढोल हाय? बंदुकीचं कपाट बोलतोय मी. अंगानं लोखंडी, डोस्क्यानं तापट.

कारखान्यात मला ठोकून ठोकून जाड केलं. तवाच ठरवलं, आपण सांभाळणार तर बंदूकच! पद्माकरनं मला इंग्लंडात, स्लाऊला त्याच्या घरी आणलं, जिन्याखालच्या भिंतीला बोल्टानं आवळलं. गडी मेडनहेडकडं जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायला शिकलेला. आता स्वतःची बंदूक पायजे, म्हणून लायसनचा अर्ज.

इथं बंदूक लपवून मिरवायची सोयच न्हाई. नुसत्या छंदाला पायजे तरी डॉक्टरला इचारा, ओळखीच्याला इचारा, आधी कुठं मारामारी केली का ते बघा. पद्माकर सगळ्यातनं पास! राहिली फकस्त माझी तपासणी.

तवर माझ्या पोटात काय आलं, ठावं हाय? पाटल्या, चांदीचं ताट, काजूचा डबा! त्याची बायको शशी म्हणली, "लोखंडी कपाट रिकामं कोण ठेवतं?"

पोलिसांकडनं सारा नावाची बाई मला तपासायला आली. मला गदागदा हलवलं. हललो तर शप्पथ!

"गुड. किल्ली कुठं असते?"

पद्माकर खिसे चाचपतोय, तवर शशीनं कमरेचा जुडगा खुळखुळवत मला उघडलं बी. "घ्या, काजू घ्या."

सारा हसली, पण मान हलवली. "लायसन ज्याचं, किल्ली त्याचीच. बायकोला किल्लीचा ठावठिकाणाही कळता कामा नये."

"अहो बाई, घरातली किल्ली कधी बाप्यामाणसाकडं असते का?"

पद्माकर भडकला. "माझी बायको काय चोर हाय? नको मला तुमचं लायसन!" अर्जच माघारी घेतला.

झालं! जन्मभर काजू सांभाळा आता.

पण शशी लई हट्टाची. तीच गेली चकत्या फोडायला. फटाफट! मग अर्ज तिच्या नावानं.

सारा परत आली. "नवरा तापट दिसतो?"

"तोंडानंच. हातानं साधी पोळी फुगत न्हाई त्यांची."

आलं की लायसन! सोनं गेलं बँकेत, बंदूक आली माझ्या पोटात. आरारारा, काय माझा थाट!

आता पद्माकर माझ्यापुढं घुटमळतो. "अगं, किल्ली कुठं ठेवलीस?"

"लायसन हाय का तुमच्याकडं?"

"न्हाई."

"मग चहा प्या."

तवा पद्माकरराव, उगं माझ्या कडीशी झोंबू नका. बाईच्या हुकमाबिगर मी माझ्या बापालाबी उघडणार न्हाई!