धरणारा हात

भिंगरी मावशीच्या मांडीवर पालथी पडून खिदळत होती आणि तिची आई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं पुसत उभी होती. पातेलं केव्हाच कोरडं झालं होतं.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. नोकरी बदलून या शहरात आली, "घर मिळेपर्यंत राहते," म्हणाली आणि लोणच्यासारखी मुरली. सात वर्षांच्या भिंगरीची पाठ एका बाजूला वळत चालली होती, म्हणून दिवसभर तिच्या अंगावर कडक पट्टा असायचा. संध्याकाळी तो सोडायचा मान मावशीने कुणाला न विचारता स्वतःकडे घेतला होता.

"निघालं बघा कासव कवचातून!"

"मावशी, गुदगुल्या नाही हं!"

"जपून गं, पाठीला धक्का लागेल," आई म्हणाली.

"ताई, पोरगी आहे ती, काचेची बरणी नाही."

दोघी पुन्हा हसत सुटल्या. आईच्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. लहानपणी ही बया जन्मली आणि आपल्या आईची मांडी गेली. आता लेकही चालली. आणि तीसुद्धा पाठीपायी! पाठीतलं काही कळणारं या घरात कुणी असेल, तर ती आपण. मावशीला मणका कुठे नि माकडहाड कुठे, याचाही पत्ता नाही.

हे मात्र खरं होतं. आई ज्या संशोधन केंद्रात कामाला होती, तिथे वाढत्या कोकरांच्या मणक्यांत एकाच बाजूने स्क्रू बसवून त्यांतून एक चिवट दोरी ओवत. दोरीच्या बाजूचं हाड रेंगाळत वाढायचं, मोकळ्या बाजूचं पुढे जायचं आणि कोकराची सरळ पाठ हळूहळू वळायची. ती किती वळते, हे नीट कळलं, की वाकड्या पाठीच्या मुलांना तीच दोरी उलट बाजूने कितपत ताणून बसवायची, याचा अंदाज येणार होता. कोकराच्या पाठीवर अंगठा दाबून मणके चाचपणं आणि मग एक्स-रेवर एकेक मणका मापणं, हे आईचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

केंद्रात एक नियम होता. मापणाऱ्याने कोकराला धरायचं नाही. धरायचं ते दूध पाजणाऱ्याने. एकदा तो माणूस रजेवर होता, तेव्हा आईने घाईघाईत स्वतःच कोकरू कवेत घेतलं होतं. ते लाकडाच्या फळीसारखं ताठरलं. पाठ होती त्याहून वेगळीच दिसली आणि एक्स-रे फुकट गेला. "तुमचा हात ओळखतंय ते," विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही जवळ आलात की काहीतरी दाबणार, हे त्याला पाठ झालंय."

तरी दर रविवारी सकाळी, पट्टा चढवण्याआधी, आई भिंगरीला खिडकीपाशी उभी करायची. "वाक," म्हणायची. मग सदरा वर करून मानेपासून कमरेपर्यंत अंगठा फिरवायची. भिंगरी मुकाट वाकायची. त्या वेळी ती कधी हसल्याचं आईला आठवत नव्हतं.

तपासणीचा दिवस उजाडला. आजच्या एक्स-रेवरून डॉक्टर ठरवणार होते, भिंगरीच्या पाठीत ती दोरी बसवायची की थांबायचं. आई रात्रभर कूस बदलत होती. मावशी रजा काढून सोबत आली. कुणी बोलावलं नव्हतं.

"आत एकीनेच यायचं," एक्स-रेवाली म्हणाली.

"मावशी," भिंगरी म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

"मी येते," आई म्हणाली. "मला कळतं यातलं."

आत गेल्यावर तिने शिशाचा जड एप्रन चढवला, लेकीचे खांदे सारखे केले, हनुवटी उचलली आणि न राहवून अंगठा मणक्यांवरून खाली नेला. भिंगरीने श्वास धरला.

"अंग सैल सोड गं बाळा," काचेपलीकडून एक्स-रेवाली म्हणाली. "नाही, पुन्हा घ्यावा लागेल. ही रोज अशीच उभी राहते का?"

"नाही हो. ताठ हो, भिंगरी. म्हणजे... सैल हो."

भिंगरी आणखीच आखडली. तिच्या खांद्यावर आईचा हात होता आणि हाताखाली लाकडाची फळी होती.

आईने ती फळी ओळखली.

तिने एप्रन उतरवला आणि ती बाहेर आली. मावशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"झालं?"

"तू जा आत."

"मी? ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच जा. आणि हात लावलास तरी चालेल."

दार लागलं. क्षणभराने आतून मावशी काहीतरी पुटपुटली आणि भिंगरीचं हसू फुटलं. बाकावर बसलेल्या आईला ते हसू मिरचीसारखं झोंबलं. ती उठली, परत बसली, समोरच्या भिंतीवरची हात धुण्याची सूचना तिने पुन्हा पुन्हा वाचली. एक्स-रे पहिल्याच फटक्यात आला.

डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. "थांबू या. पट्ट्याने वळण आटोक्यात आहे, आणि हिची वाढ अजून खूप शिल्लक आहे. इतक्यात दोरी ताणली, तर पाठ सरळ होऊन पलीकडे वाकायची."

आईने मान डोलावली. दोरीने अंदाजापेक्षा जास्त वाकलेलं एक कोकरू तिने कालच मापलं होतं.

"आणि घरी मापता का?" डॉक्टरांनी विचारलं. भिंगरीने आईकडे पाहिलं. "नका मापू," डॉक्टर म्हणाले. "ते माझं काम."

परतीच्या वाटेवर भिंगरीने मावशीचं बोट धरलं होतं. आईने पिशवी सांभाळली.

रविवारी सकाळी भिंगरी सवयीने खिडकीपाशी आली. न सांगता वाकली, सदरा वर केला, श्वास धरून तशीच राहिली. आईचा अंगठा मानेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पट्ट्याच्या कडा दिवसभर जिथे रुतत, तिथे लाल वळ उठले होते. इतक्या रविवारांत ते तिला दिसलेच नव्हते.

"खाजतं का गं इथे?"

"खूप."

आईने नखं आत घेऊन बोटांनी हलकेच खाजवलं. मग जरा जोरात. मणका कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, ते तिने पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण बोट तिथे नेलं नाही. हाताखालची पाठ हळूहळू सैल पडली.

"भिंगरे, चल, कासवाला अंघोळ घालू!" मावशीने न्हाणीघरातून हाक मारली.

"थांब गं मावशी," भिंगरी डोळे मिटून म्हणाली, "आई खाजवतेय."

आईने न्हाणीघराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. आणि मग, मावशीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अजून कुठे खाजतंय माझ्या राणीला?"