कुंपणाबाहेरचं नाव

नोलारीने जंगली ऑलिव्हची धगधगती काटकी तुंब्यात घातली आणि तुंबा गरगर फिरवला. दुधाला धुराचा वास हवा, तर निखारा विझायच्या आत हात चालला पाहिजे. तेवढ्यात काटेरी कुंपणाच्या दाराशी सफारीची गाडी थांबली. सिरोंका, तिचा पुतण्या आणि पाहुण्यांचा वाटाड्या, त्यांना मागेच ठेवून एकटा झपझप आत आला.

बाभळीखाली बसलेल्या थोरल्या काकांसमोर त्याने डोकं वाकवलं. त्यांचा तळवा डोक्याला लागेपर्यंत कसाबसा थांबला आणि नोलारीशेजारी येऊन उकिडवा बसला.

"काकी, घोटाळा झालाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ती पांढऱ्या केसांची बाई आहे ना, इंगेर, ती पूर्वी एकदा येऊन गेलीय. आत्ता दाराशी तिनं पिशवीतून फोटो काढला. आपल्या धाकट्या काकांचा."

नोलारीचा हात थांबला.

"त्यांनाच भेटायला आलेय म्हणते. नाव घेऊन विचारत होती. इंजिन चालू होतं म्हणून कुणाच्या कानावर गेलं नाही."

"सांगितलंस तिला?"

"सांगणार होतो, तर सगळे उतरून चालायलाच लागले."

फोटोतला माणूस, तिचा नवरा, जाऊन तीन पावसाळे उलटले होते. गेलेल्याचं नाव घरच्यांनी घ्यायचं नसतं, कुणी त्यांच्या कानावरही घालायचं नसतं. शेजारच्या एका पोराचं नाव तेच होतं. त्यालासुद्धा तेव्हापासून सगळे दुसऱ्याच नावाने हाक मारत. आणि आज तर मागच्या घरात सून कातड्यावर कुशीवर पडून होती. नववा महिना. पहिलं मूल जगलं नव्हतं. पहाटे पहिल्या धारेचं दूध चारी दिशांना शिंपडताना नोलारीने एनकाई देवाकडे एकच मागणं मागितलं होतं. अशा घरात ते नाव घुमलं तर काय होईल, याचा विचारही तिला नको होता.

पाहुणे आत आले. मण्यांच्या माळा मांडून बसलेल्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

"यांना एवढं ऊन सोसतं तरी कसं गं?"

"सोसायचं काय त्यात? ऊन विकत घ्यायलाच येतात त्या."

इंगेर इकडेतिकडे न बघता थेट नोलारीकडे आली. फोटो छातीशी धरलेला, चेहरा आनंदाने फुललेला. तिचे ओठ उघडले.

नोलारी ताडकन उठली आणि दुधाने भरलेला दुसरा तुंबा तिने इंगेरच्या तोंडालाच लावला.

"अगं, पाहुणीला श्वास तरी घेऊ दे," मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. इंगेरला ठसका लागला. दूध हनुवटीवरून ओघळलं. तीही हसली, आणि पुन्हा फोटो पुढे करू लागली. नोलारीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या लाल वस्त्राच्या आत सरकवला.

"काय आहे रे त्या कागदावर?" बाभळीखालून थोरल्या भावजींनी काठी आपटून विचारलं. "आणा इकडे."

सिरोंकाच्या कपाळावर घाम आला होता.

"काका, ते राहू द्या. हे पाहुणे विचारताहेत, तुम्ही सिंहाची शिकार केली होती का?"

म्हाताऱ्याने मान ताठ केली. "सांग त्यांना, सिंह मला बघून पळाला." मग जरा थांबून म्हणाला, "मीही पळालो होतो, ते सांगू नकोस."

पाहुणे त्यांच्याभोवती गोळा झाले. तेवढ्या वेळात सिरोंकाने इंगेरला बाजूला घेतलं. तो काय बोलत होता ते नोलारीला कळत नव्हतं. पण पाहुणीच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेलेली तिला दिसली. आधी हसू गेलं. मग रंग गेला. शेवटी इंगेरने तळवा तोंडावर घट्ट दाबला आणि ती तशीच उभी राहिली.

सिरोंका परत आला तेव्हा त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"झालं, काकी. आता ती चकार शब्द काढायची नाही. गाडीत नेऊन बसवतो."

मागच्या घरातून सुनेचा कण्हण्याचा आवाज आला आणि शांत झाला. नोलारीने तिकडे पाहिलं, मग इंगेरकडे. मग भिंतीवरचा चामडी पट्टा तिने खांद्यावर टाकला.

"लाकडं आणायचीत मला. मोळी कशी बांधतात ते बघायला येते का, विचार तिला."

"मीही येतो."

"तू नको."

"अगं, पण तिच्याशी बोलणार कशी तू?"

नोलारी चालू लागली होती.

कुंपण मागे पडलं, गुरांची वाट मागे पडली. इंगेर मुकाट्याने तिच्या पावलांवर पाऊल टाकत होती. कोरड्या ओढ्यात उतरल्यावर नोलारी थांबली आणि कान देऊन उभी राहिली. वस्तीचा आवाज इथे येत नव्हता. म्हणजे इथला तिथे जाणार नव्हता. तरी ती आणखी थोडी पुढे गेली.

तिने पट्टा खाली ठेवला आणि फोटो बाहेर काढला. काखेत करडू धरून तो हसत होता. हे हसणं तिने जपून ठेवलं होतं असं तिला वाटायचं; पण डाव्या गालाची ती घडी ती विसरून गेली होती. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि इंगेरकडे पाहिलं.

इंगेरने जोरात मान हलवली. तिचा तळवा पुन्हा तोंडावर गेला. तिला आता ठाऊक झालं होतं.

नोलारीने तिचं मनगट धरलं. हात हळूच खाली आणला आणि आपल्या हातात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट फोटोवरून हललं नव्हतं.

इंगेरने एकदा मागे वस्तीच्या दिशेला पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात तिने ते नाव उच्चारलं. जीभ अडखळली, नको तिथे जोर आला. पण ते त्याचंच होतं.

नोलारीचे ओठ मिटलेलेच होते. वाळक्या गवतातून वारा गेला. तो थांबेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने फोटोवर पुन्हा बोट टेकवलं.