सैल जाळी

फॉर्ममध्ये तीनच रकाने होते. लॅपटॉप कोणता, मेमरी किती, आणि इतकी का. पहिले दोन कुणीही भरतं, तिसऱ्यापाशी भल्याभल्यांचं घोडं अडतं. छतांची आणि खांबांची गणितं करणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात हा फॉर्म ताईच्या गळ्यात पडला होता. ताई म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी इंजिनिअर. साहेब वयाने तिच्याहून मोठे, पण तेही तिला ताईच म्हणत.

"बत्तीस जीबी लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब केबिनच्या दारातून म्हणाले. "चौसष्ट म्हणजे चैन झाली."

"अहो, छत मोठं असलं की माझं मशीन मान टाकतं."

"मग पुरावा द्या. मागच्या एखाद्या कामाने किती मेमरी खाल्ली ते दाखवा."

पुरावा द्यायला ताई एका पायावर तयार होती. कम्प्युटरवर छताचं गणित करताना त्याच्यावर जाळी टाकावी लागते. जाळी जितकी बारीक, तितका ताण कुठे साचतोय ते नेमकं दिसतं आणि तितकी मेमरी जास्त लागते. ताईचा लॅपटॉप सोळा जीबीचा, म्हणजे नावालाच. मोठं काम आलं की ती जाळीची घरं मोठी करून वेळ मारून नेई आणि फाइलच्या नावापुढे 'सैल' असं लिही. मग ऑफिसातल्या दांडग्या मशीनवर बारीक जाळी टाकून 'घट्ट' फाइल व्हायची, आणि नकाशे बाहेर जायचे ते घट्टवरूनच. हा नियम ताईचाच. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "सैल फाइल बाहेर गेली तर मी तुमच्या घरी येऊन बसेन हं!"

पुराव्यासाठी तिने सगळ्यांत मोठं काम निवडलं. दोन वर्षांपूर्वीचं वाचनालय. फोल्डर उघडलं. त्यात सैल होती, घट्ट नव्हती.

तिने पुन्हा शोधलं. जुन्या डिस्कवर शोधलं, मेलमध्ये शोधलं. मग एकदम आठवलं. त्या आठवड्यात दांडगं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. साहेबांना नकाशे हवे होते. "उद्या घट्ट करते," असं म्हणून तिने नकाशे पाठवून दिले. तो उद्या उजाडलाच नव्हता. आणि आता तर ते दांडगं मशीनही भंगारात गेलं होतं.

तिने सैल फाइल उघडली. खिडकीपासून तिसरा खांब छताला जिथे मिळतो, तिथला ताण मर्यादेच्या आत होता, पण अगदी कडेला. सैल जाळी अशा कोपऱ्यांतच फसवते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तिने बारीक जाळी टाकली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर उत्तर आलं: मेमरी अपुरी, अठ्ठावन्न जीबी हवी.

दुसरा रकाना भरता येत होता. चौसष्ट. तिसऱ्यात खरं लिहिलं तर नोकरी जाणार होती, नकाशावर सही करणारे साहेबही गोत्यात येणार होते. 'मोठ्या कामांसाठी' असं दोन शब्दांत लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता? पेन कागदाला टेकलंसुद्धा. तेवढ्यात तिची नजर घड्याळाकडे गेली. साडेअकरा.

साडेअकराला तिचे वडील, अण्णा, वाचनालयात असतात. रोज, तिसऱ्या खांबाशी. तिथे पंख्याचा वारा कमी लागतो, पेपर उडत नाही. तिने त्यांना फोन लावला.

"अण्णा, बाहेर या."

"का गं? अग्रलेख राहिलाय माझा."

"आधी बाहेर या. पाया पडते तुमच्या."

खुर्ची सरकली. पावलं, दार, मग रस्त्यावरचे हॉर्न. ताईने कपाळ टेबलावर टेकलं. सुटले, एवढंच तिच्या मनात आलं.

"आलो. आता बोल."

"छताची शंका आहे, अण्णा. पडेलच असं नाही. पण मला माहीत नाही."

"अगं, मग मला एकट्यालाच काय बोलावलंस? आत वीसेक माणसं बसलीत."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सगळ्यांना बाहेर काढा," ती म्हणाली. "विश्वास नाही बसला तर सांगा, हे छत माझ्या मुलीने केलंय, तीच म्हणतेय."

"ते सांगायला नको," अण्णा हळूच म्हणाले. "वर्षभर तेच तर सांगत आलोय मी सगळ्यांना."

"अण्णा, तुम्ही नका जाऊ! दारातूनच हाक मारा..."

पण दार वाजलं. रस्त्याचे आवाज बंद झाले.

फोन कानाशी धरून तिने तिसरा रकाना भरला. 'वाचनालयाचं घट्ट केलंच नाही. चूक माझी.' ती केबिनमध्ये गेली आणि फॉर्म साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचलं. त्यांनी समोरचा फोन ओढला आणि वाचनालयाचा नंबर फिरवला. तिथला फोन कुणी उचलेना.

ताईच्या कानात खुर्च्या सरकत होत्या. लोकांची पावलं दाराकडे जात होती. "सावकाश, ढकलू नका," असं अण्णा सांगत होते. त्यांचा आवाज अजून आतच होता.