हारुनभाईंची घोडी पडद्यात मावेना

भोकरदनला हारुनभाई वरातीची घोडी भाड्यानं देत. त्यांची वेबसाइट अक्षतानं बनवली होती, बाळंतपणानंतरचं तिचं पहिलंच काम. पाच वाजता एका नवरदेवाचे मामा दुकानात येणार होते. "आधी साइट बघतो, पटली तर घोडी, न्हाईतर डीजे," असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

आणि चार वाजता हारुनभाईंचा फोन.

"ताई, जल्दी या. घोडीचा नुसता पुठ्ठा अन् शेपटी दिसून राह्यली."

लॅपटॉप, दहा महिन्यांची लेक आणि सासूबाई कौसल्याबाई असा सगळा संसार घेऊन अक्षतानं दुकान गाठलं. बघते तर खरंच. फोन नंबराशेजारचा घोडीचा इवलासा आयकॉन दुकानाच्या कॉम्प्युटरवर अख्खा पडदा अडवून उभा. तिच्या लॅपटॉपवर मात्र तीच घोडी नखाएवढी, गुणी.

"मी कोडमध्ये झूम लिहून लहान केली होती. तुमच्या जुन्या ब्राउझरला झूम कळतच नाही."

"मंग त्याला कळंल असं सांगा की."

तिनं झूम काढून स्केल घातलं. घोडी बारीक झाली, पण तिची आधीची जागा तशीच रिकामी राहिली आणि फोन नंबर पार खाली गेला.

"हे रान कशाला मोकळं सोडलं? चरायला?" हारुनभाईंनी विचारलं.

"थोरल्याचं अंगडं धाकट्याला घातल्यावाणी दिसतंय," कौसल्याबाई म्हणाल्या.

"स्केलनं नुसतं दिसायला लहान होतं, जागा तेवढीच अडते. आत्याबाई, लेकीच्या तोंडात काय आहे?"

"बोट."

"कुणाचं?"

"तिचंच गं बाई!"

पाचाला दहा कमी होते. अक्षतानं सगळ्या युक्त्या पुसल्या आणि आयकॉनलाच सरळ रुंदी-उंची लिहून दिली, अठ्ठेचाळीस पिक्सेल. लॅपटॉप, कॉम्प्युटर, दोन मोबाइल, सगळीकडे बोट लावून मापलं. घोडी सगळीकडे सारखी, नंबर शेजारी.

मामा आले. स्वतःच्या मोबाइलवर साइट उघडून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"घोडी लईच लहान हो. आमचा नवरदेव एकशे दहा किलोचा."

"मामा, ते चित्र आहे," अक्षता म्हणाली.

"चित्रातच एवढीशी, तर खरी केवढी असंल?"

"खरी बाहेर बांधलीय की! चला, दाखवतो," हारुनभाई उठले.

"येताना बघितली. पण ग्रुपवरचे चाळीस पाहुणे हीच बघणार. म्हणतील, नवरदेवाला शिंगरावर बसवला."

हारुनभाईंनी अक्षताकडे पाहिलं. तिनं अठ्ठेचाळीस खोडून दोनशे चाळीस लिहिलं. चारही पडद्यांवर घोडी एका मापानं फुगली. नंबर शहाण्यासारखा शेजारीच सरकला.

मामांनी साइट परत उघडली. "हां. आता पेलंल." आणि तारीख पक्की करून टाकली.

उठता उठता ते अक्षताकडे वळले. "ताई, आमच्या नवरदेवाचा फोटोबी टाका तिच्यावर. त्याला तेवढा बारीक करा. कुणाच्याबी मोबाइलवर बारीकच दिसला पायजे."

अक्षता "हो" म्हणून बसली. मग तिला नवीन काळजी लागली: नुसती रुंदी कमी केली तर नवरदेव शेवग्याच्या शेंगेसारखा दिसेल, आणि उंचीही कमी केली तर पाय रिकिबीपर्यंत पोचायचे नाहीत.