कुबातच्या हातांनी न जोडलेला

मी खेळांसाठी बनवलेला संगणक आहे. कराकोल या डोंगराळ गावातल्या एका घरात, खिडकीखालच्या मेजावर गेली चार वर्षं बसून आहे. माझी डावी बाजू काचेची आहे, त्यामुळे माझं पोट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. माझं स्वतःचं असं सांगण्यासारखं फार थोडं आहे. जे आहे ते कुबातचं आणि त्याच्या लेकीचं, चोल्पोनचं आहे. तेच सांगतो.

माझा जन्म राजधानीत, बिश्केकमधल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथला माणूस दिवसाला आठ-दहा संगणक जोडायचा. माणूस वाईट नव्हता, पण एक हातात असताना त्याचं लक्ष पुढच्यावर असायचं. रॅमच्या दोन पट्ट्यांची जागा होती, त्याने एकच बसवली. वायरी मागच्या बाजूला कोंबल्या. शेवटी झाकणाच्या स्क्रूवर कागदी सील चिकटवलं. ते फाटलं की वॉरंटी संपली.

एप्रिलमध्ये चोल्पोन दुकानात आली. एकोणीस वर्षांची, सडपातळ, गालांवर वाऱ्याने उठलेली लाली. ऑनलाइन खेळांचे सामने खेळणारा पाच मुलींचा एक संघ होता, त्यात ती खेळायची आणि तिचा जुना लॅपटॉप ऐन सामन्यात मान टाकायचा. तिच्या खिशात वहीचं एक पान होतं. त्यावर सुट्या भागांची यादी होती, अक्षर मोठं आणि जरासं वाकडं. तिने ते पान काढलं, वाचलं आणि पुन्हा घडी घातली.

"जोडून घेणार की तयार देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"तयार द्या."

"यादी आणलीय म्हणजे घरी कुणी जोडणारं असेल."

"आहेत," ती म्हणाली आणि पान खिशात सरकवलं. "पण तयारच द्या."

परतीच्या मिनीबसमध्ये तिने मला सामानाच्या फळीवर ठेवू दिलं नाही. वाटेतल्या मोठ्या सरोवराच्या काठाने सहा-सात तास तिने मला मांडीवर धरून ठेवलं. पाय बधिर झाले तेव्हा बैठक बदलली, पण मला सोडलं नाही.

घरी कुबात वाट पाहत होता. तीस वर्षं बाजारातल्या गाळ्यात त्याने रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले होते. संगणक त्याच्यासाठी नवा होता, पण दोन महिने चष्मा लावून तो व्हिडिओ पाहत होता, शिकत होता. ती यादी त्याचीच. सुटे भाग येणार म्हणून त्याने कामाचं टेबल रिकामं केलं होतं आणि वर नमद्याचा, लोकरीच्या जाड कापडाचा, स्वच्छ तुकडा अंथरला होता.

चोल्पोनने माझं खोकं खाली ठेवलं. कुबातने खोक्यावरचं चित्र पाहिलं.

"जोडलेलाच आणलास," तो म्हणाला.

"सराव लगेच सुरू करायचाय, बाबा. आणि याला वॉरंटी आहे."

"मी चार दिवसांत जोडला असता."

ती खोक्याची चिकटपट्टी सोडवायला लागली. कुबातने मान हलवली. "छान आहे," तो म्हणाला आणि नमद्याची गुंडाळी करून बाकाखाली सरकवली. त्याची बायको झूरा चहा ओतत होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तळलेल्या बोरसोकांची थाळी दोघांच्या मधोमध ठेवली. थाळीला कुणी हात लावला नाही.

दुपारी चोल्पोन कॉलेजला गेली की कुबात माझ्यासमोर खुर्ची ओढायचा आणि काचेतून आत डोकवायचा. "कोट झकास शिवलाय तुझा," एकदा म्हणाला, "पण अस्तर हलकं. दुसरी पट्टी का नाही रे बसवली त्याने?" मग मऊ फडक्याने तो माझी काच पुसायचा. ते फडकं काचेवर सरकत नसे, टपटप वाजत असे. त्याचा उजवा हात थरथरत होता. ते मला त्या टपटपीवरून पहिल्यांदा समजलं. माणसं घरात असली की तो हात मांडीखाली घेऊन बसायचा, नाहीतर चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरायचा.

एकदा झूराने त्याला विचारलं, "इतकं काय बघता त्याच्यात?"

"काही नाही. पोरीचा माझ्या हातांवर भरवसा उरला नाही. तिची काय चूक? बाजारात नवी पोरं आलीत, त्यांना हे सगळं येतं."

झूराने चहाचे वाडगे उचलले. मला बोलता येत नाही. मी आपला पंखा फिरवत राहिलो.

उन्हाळा गेला. ऑक्टोबरात घरातली कोळशाची शेगडी पेटली आणि तिची बारीक काजळी माझ्या नाकातोंडात जायला लागली. माझा श्वास जड झाला. चोल्पोन कानाला हेडफोन लावून खेळायची, तिला ऐकू आलं नाही. कुबातला आलं. आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकत आलेला माणूस तो. एका दुपारी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या मागे आला, सीलवर अंगठा ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. पोरीची वस्तू, पोरीची वॉरंटी. न विचारता कशी उघडायची? आणि विचारावं तर तिला वाटेल, बाप अजून तेच घेऊन बसलाय.

नोव्हेंबरात निवड सामना होता. पाचही मुली आपापल्या घरून खेळत होत्या, जिंकलेला संघ मुख्य स्पर्धेसाठी अल्माटीला जाणार होता. शेवटच्या डावात, दोन्ही संघ बरोबरीत असताना, मला ताप सहन झाला नाही. मी बंद पडलो. ती बटण दाबत राहिली. मी उठलो तेव्हा सगळं संपलं होतं. फोनवर एक मुलगी रडत होती, दुसरी म्हणत होती, "चोल्पोन, तुझी चूक नाही गं." ही चूक कुणाची होती ते मला ठाऊक होतं. ती माझी होती.

चोल्पोन डोकं धरून बसली. कुबात दारात आला. तो आता बोलून दाखवेल, याची ती वाट पाहत असावी.

"चहा घे," तो म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हा झूरा आत आली आणि दार लोटून म्हणाली, "तुझे बाबा गेले सात महिने काय म्हणतात, माहीत आहे? लेकीचा माझ्या हातांवर भरवसा नाही, म्हणतात."

चोल्पोनने मान वर केली. "भरवशाचं नव्हतं गं, आई. मार्चमध्ये मी त्यांना डबा द्यायला गाळ्यावर गेले होते. ते रेडिओला डाख लावत होते. हात इतका हलत होता की बोट भाजलं. मग त्यांनी रस्त्याकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी दाराआड उभी राहिले. म्हटलं, घरी भाग आणले तर हे सगळं त्यांना माझ्यासमोर करावं लागेल."

लोटलेलं दार उघडलं. कुबात तिथेच उभा होता.

"तू पाहिलंस," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, तुला ठाऊक नाही."

"मला वाटलं, मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळू नये."

कुबात खुर्चीवर बसला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने हात लपवले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते हलत राहिले.

"बाबा," थोड्या वेळाने तिने विचारलं, "तेव्हा तुमच्याकडून झालं असतं का?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "एप्रिलमध्ये? झालं असतं. सावकाश झालं असतं. स्क्रू सांडले असते, तू उचलून दिले असतेस."

ती रडली. तो रडला नाही. तो नमदा काढायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उघडलं. सील चोल्पोनने नखाने फाडलं. तो सांगत होता, ती करत होती. ब्रशने काजळी काढली, वायरी सोडवून नीट बांधल्या. रॅमची दुसरी पट्टी कुबातने उन्हाळ्यातच आणून ठेवली होती. ती मात्र त्याला स्वतः बसवायची होती.

त्याने पट्टी धरली. ती खाचेच्या कडेवर आपटली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सरकली. चोल्पोनने हात पुढे केला नाही. ती खाली मान घालून वाट पाहत राहिली. मला जर अंग आखडून त्या खाचेला त्याच्या हाताखाली नेता आलं असतं, तर मी नेलं असतं. पाचव्या वेळी कुबात थांबला.

"तू बसव," तो म्हणाला. "आधी कडेची खिटी उघड. हां. आता दोन्ही टोकांवर सारखा जोर दे. घाबरू नकोस, मोडत नाही ते."

कट्ट असा आवाज झाला. कुबातने आपला थरथरता पंजा तिच्या हातावर ठेवला. काही क्षण दोघांचे हात माझ्या पोटात होते. माझ्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर तो हा.

त्या हिवाळ्यात त्याला चमचा धरता येईना. पुढच्या वर्षी बोलणं पुसट झालं. तरी चोल्पोन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संगणक घरी आणून त्याच्या खुर्चीपुढे उघडायची आणि चुकली की तो डोळ्यांनी सांगायचा. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, तो गेला. रिवाजाप्रमाणे घोडा कापला, नातेवाईक जमले, अंगणात कढया चढल्या. मला कुणीतरी चादरीने झाकलं होतं.

चोल्पोन आता बिश्केकमध्ये संगणक जोडायचं काम करते. तिच्याकडे येणारे लोक विचारतात, तयार घ्यावा की जोडून घ्यावा? ती म्हणते, घाई असेल तर तयार घ्या, त्यात काही वाईट नाही. मग विचारते, घरी कुणी जोडून देतो म्हणालं आहे का?

मीही तुम्हाला एवढंच विचारतो. कुणी म्हणालं असेल, तर त्याची कीव येऊन परस्पर ठरवू नका. त्याला विचारा. हात हलत असले तरी विचारा. नाही म्हणायचं असेल, तर ते त्याला म्हणू द्या.

मी आता जुना झालोय. नवे खेळ मला झेपत नाहीत. चोल्पोन रविवारी दुपारी बिश्केकहून माझ्या पडद्यावर आईशी बोलते. बोलणं झालं की म्हणते, "आई, आता बंद कर त्याला, झिजतोय तो."

झूरा बरं म्हणते, पण बंद करत नाही. पंखा चालू असला की माझ्यासमोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय असं तिला वाटतं. ती विणकाम घेऊन खिडकीशी बसते आणि जमेल तितके दिवस मी पंखा फिरवत राहतो.